रणदिवे के. जे. : मोजणाऱ्यांना काही प्रश्न

संशोधिकेच्या नेमणुकीची किंवा बढतीची वेळ आली की निवड समितीतले लोक तिचे काम वाचत बसत नाहीत. आकडा विचारतात. निबंध किती, आणि इतरांनी त्यांचे दाखले किती वेळा दिले? वर ऐकवतात, आकड्याला बाई-पुरुष कळत नाही! मैत्रिणींनो, या आकड्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, ते एकदा तपासू या.

डॉ. कमल रणदिवे यांचेच उदाहरण घ्या. १९१७ साली पुण्यात जन्म, १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये संशोधन. परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग आणि कुष्ठरोगावर दोनशेहून अधिक निबंध. १९८२ साली पद्मभूषण. तेव्हा ‘बायका लिहितच नाहीत’ हे रडगाणे इथे चालणार नाही.

पण सूचीत ही बाई सापडते कशी? ‘रणदिवे के. जे.’ आडनाव सासरचे. ‘जे’ नवऱ्याच्या जयसिंग या नावाचा. तिचे स्वतःचे अक्षर एकच, ‘के’. त्यांचे लग्न १९३९ साली, संशोधनाला लागण्याआधी झाले, म्हणून नोंद निदान एकसंध राहिली. जी मुलगी माहेरच्या नावाने चार निबंध लिहून मग लग्न करते, तिचे सूचीत दोन तुकडे होतात. आपल्याकडे तर कधी कधी पहिले नावही बदलतात! हल्ली संशोधकाला क्रमांक देऊन हे तुकडे सांधता येतात, पण ती खटपट पुन्हा तिनेच करायची.

दुसरी गोष्ट काळाची. १९७६ साली रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारीचा अर्क हॅमस्टरांच्या गालाच्या आतल्या अस्तरावर वापरून कर्करोगाचा शोध घेतला. कमरेला चंची लावून रानात राबणाऱ्या बाईच्या तोंडाचा हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा, सुपारी माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा छापून आला २००४ साली. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. आणि नियतकालिकाचे वजन ठरवणारा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मोजतो मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांचे दाखले! गरिबाच्या तोंडातला रोग दोन वर्षांत फॅशनमध्ये येत नसतो.

आता दाखले देतो कोण ते पाहा. पंधरा लाख निबंध तपासणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की पुरुष स्वतःच्याच जुन्या निबंधांचे दाखले बायकांपेक्षा ५६ टक्के जास्त देतात. अलीकडच्या दोन दशकांत तर ७० टक्के. म्हणजे आपलीच पाठ आपण थोपटायची आणि त्या थापांची बेरीज गुणवत्ता म्हणून मांडायची. २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला ‘एच’ निर्देशांकही तसाच. वीस निबंधांना प्रत्येकी वीस दाखले, तर ‘एच’ वीस. खंड न पडता जो लिहीत राहील त्याच्या पदरात तो पडतो. बाळंतपण, सासूचे आजारपण, नवऱ्याची बदली यांत गेलेली पाच वर्षे त्याला ठाऊक नाहीत.

आणि जे निबंधात बसतच नाही, त्याचे काय? १९७३ साली रणदिवे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी केली. या संघटनेने वाशीला नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. त्या पाळणाघरामुळे एखादी संध्याकाळी सातपर्यंत प्रयोगशाळेत थांबू शकली, तर तिच्या निबंधात त्याचा दाखला कोण देणार? निवृत्तीनंतर रणदिवे ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करत राहिल्या. त्याचा ‘एच’ किती?

निबंध मोजूच नका, असे मी म्हणत नाही. त्या दोनशे निबंधांचा मला अभिमानच वाटतो. पण मोजणाऱ्यांनी आधी चार तरी वाचावेत. विद्यापीठांत, संशोधन संस्थांत असलेल्या आपल्या मैत्रिणींनी अर्जाचे नमुने मागवून घ्यावेत आणि बदल लेखी मागावेत. रजेची वर्षे हिशेबातून वगळा. स्वतःच स्वतःला दिलेले दाखले वेगळे दाखवा. प्रयोगशाळा बांधणे, विद्यार्थिनी घडवणे, वस्तीत जाऊन केलेले काम यांना रकाना द्या. आणि माहेरच्या नावाचे निबंध जोडून घेण्याची जबाबदारी कचेरीने उचलावी, अर्जदार बाईच्या गळ्यात ती मारू नये.