शेतातले राबणे म्हणजे व्यायाम नव्हे



सुस्थितीतला मनुष्य खेड्यात येतो, उन्हात घाम गाळणारा मजूर पाहतो आणि म्हणतो, "यांना व्यायामाची काय गरज? कष्टाने प्रकृती कशी ठणठणीत राहते!" हे बोलणे तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. ते स्तुतीसारखे वाटते. परंतु त्यात एक फसवणूक आहे.

श्रम हा शरीराचा शत्रू नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. शेतमजूर तेवढे श्रम एका दिवसात करतो. मग तोच सर्वांत निरोगी का नाही? कारण व्यायाम करणारा दमला की थांबतो, पाणी पितो, पोटभर जेवतो. आपल्यापैकी पुष्कळांजवळ जमीन नाही. दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या हुकमाने राबावे लागते. थांबण्याचा अधिकार असेल तर श्रमाने शरीर घडते; तो नसेल तर शरीर झिजते.

ऊसतोडीचेच उदाहरण घ्या. बीडसारख्या जिल्ह्यांतून दर हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन फडावर जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात; माणसाची ओळख हत्याराच्या नावाने! आजारपणाने दिवस बुडाला तर 'खाडा' पडतो व त्याचे पैसे कापले जातात. 2019 साली बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली, तेव्हा 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे सहांत एक. विश्रांती मागता येत नाही, म्हणून अवयवच काढून टाकायचा, ही कोणती प्रकृती?

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. फवारणी करणाऱ्यास संरक्षक कपडे देण्याची तरतूद 1971 च्या कीटकनाशक नियमांत तेव्हाही होती. नियम कागदावर राहिला आणि विष अंगावर आले.

परमपूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती सवलतीच्या विधेयकास पाठिंबा दिला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमणाऱ्याचा हक्क आहे. तथागतांचा मार्गही हाच. आळवी नगरीत एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी उपदेशास आला, तेव्हा तथागतांनी आधी त्यास जेवू घालविले आणि मग धम्म सांगितला, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. भुकेल्या, थकल्या देहाची उपेक्षा करून धम्म सांगता येत नाही.

तुम्ही धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी नशीब आणि दैवी कोप यांस निरोप दिला. मग मोडलेली कंबर तरी नशिबाची म्हणून का सोसता? उचल घेताना हिशेब लिहून मागा व त्याची प्रत घरी ठेवा. दुपारची विश्रांती व पिण्याचे पाणी एकेकट्याने मागू नका, सर्व मजुरांनी मिळून मागा. संरक्षक कपडे मिळाल्यावाचून फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका. आणि भगिनींनो, गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर सरकारी रुग्णालयातील दुसऱ्या डॉक्टराचे मत घेतल्याखेरीज कागदावर सही अगर अंगठा करू नका. 2008 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असा दावा आला होता: स्त्रीने केवळ तपासणीस संमती दिलेली, आणि ती गुंगीत असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढलेले. न्यायालयाने ते बेकायदा ठरविले. प्राणसंकट नसेल तर सज्ञान स्त्रीच्या देहावर संमती तिचीच.

कायदा आपण होऊन फडावर येत नाही. त्यास हाताला धरून आणावे लागते. विहारात पुढच्या वेळी वंदना झाल्यावर थोडा वेळ याच विषयास द्या. कोणाची कंबर गेली, कोणाला कसला खाडा पडला, हे एकमेकांस सांगा आणि लिहून ठेवा. हक्काच्या लढ्याचा पहिला कागद तोच असतो.

जय भीम!