राजी : पुन्हा एकदा, जरा शांतपणे

पुण्यात बनलेल्या एखाद्या गेमवर जगभरातल्या लोकांनी हिरिरीने भांडावं असं काही वारंवार होत नाही. २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक'च्या बाबतीत ते झालं. एक पार्टी म्हणाली, काय देखणा गेम आहे! दुसरी म्हणाली, देखणा आहे हो, पण खेळायचं काय त्यात? परीक्षणांची सरासरी शंभरात सत्तरच्या आसपास अडकली. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या बक्षिसासाठी नामांकनही मिळालं (बक्षीस 'फास्मोफोबिया'ने नेलं). म्हणजे नापासही नाही आणि पहिला नंबरही नाही. अशा गेमचं पुढे काय होतं? लोक विसरून जातात.

मी तो परवा पुन्हा खेळलो. शनिवार-रविवार शिवऱ्याला असतो. हायवेला लागून गाव, रात्री ट्रकचे आवाज, इंटरनेटचा मूड असेल तसा. पाच-सहा तासांचाच गेम, दोन संध्याकाळी पुरला. हिशेब पुन्हा मांडावासा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : राजी ही सर्कशीत वाढलेली अनाथ पोरगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, महाबलासुराचे राक्षस पळवून नेतात. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते आणि पोरगी भावाच्या शोधात निघते. किल्ले, महाल, वाळवंट. भिंतींवर पहाडी शैलीची आठवण करून देणारी चित्रं, मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारखे. तिची गोष्ट आपल्याला सांगतात दुर्गा आणि विष्णू, एकमेकांशी गप्पा मारत.

आता आरोपपत्र. एक, मारामारी एकसुरी आहे. दोन, कॅमेरा लांब आणि आपल्याला हलवता येत नाही, त्यामुळे उड्या चुकतात. तीन, देव फार बोलतात. चार, गेम मध्येच संपतो.

पहिला आणि चौथा आरोप मला तेव्हाही मान्य होता, आजही आहे. तिसऱ्या-चौथ्या आखाड्यानंतर राक्षस आले की 'आले का पुन्हा' असं वाटतं. आणि शेवट म्हणजे पाहुण्यांना हात धुवायला लावून ताट वाढलंच नाही असा प्रकार आहे.

पण दुसऱ्या आणि तिसऱ्या आरोपावर मला हरकत घ्यायची आहे.

कॅमेऱ्याचं बघा. शिवऱ्याहून नसरापूर फाटा, तिथून आत वळून मार्गासनी, मग गुंजवणे. चोर दरवाज्याच्या वाटेने राजगड चढलेल्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. शेवटच्या टप्प्यात कडा अंगावर येतो, माणूस मुंगीएवढा होतो. मग त्या चिंचोळ्या दारातून वाकून आत शिरलं की एकदम पद्मावती माचीचं सपाट मैदान आणि तळं. किल्ला समजतो तो असा, आपण किती लहान आहोत हे कळल्यावर. राजीतला कॅमेरा नेमकं हेच करतो. मोठ्या चौकात पोचलो की तो मागे मागे जातो, पोरगी ठिपक्याएवढी उरते आणि तटबंदी पडदा भरून टाकते. आता गेममधले किल्ले राजस्थानी थाटाचे आहेत, सह्याद्रीचे नाहीत. पण दगडाचा दरारा तोच. कॅमेरा जवळ आणला असता तर दोन-चार उड्या सोप्या झाल्या असत्या आणि किल्ला गेला असता. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

देवांच्या गप्पांचंही तसंच. हातातलं काम थांबवून कोणी गोष्ट सांगू लागलं की इंग्रजी परीक्षणं वैतागतात. पण आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंग लावल्याशिवाय आख्यानाला हात घालत नाही. नाटकातही सूत्रधार आणि नटी आधी येतात, पात्रांची थट्टा करतात आणि मग गोष्ट पुढे सरकते. दुर्गा आणि विष्णू इथे तेच काम करतात. भिंतीवरच्या चित्रासमोर उभं राहिलं की त्या चित्राची कथा सांगतात. अडचण होती ती भाषेची. २०२० मध्ये हे सगळं इंग्रजीत होतं आणि कानाला खटकत होतं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. या वेळी हिंदीत खेळलो तर त्याच गप्पा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वाटल्या. (मराठीत कधी? असो.)

आता मुख्य मुद्दा. चित्रं इतकी सुरेख आणि मारामारी इतकी साधी, असं एकाच टीमकडून का झालं? 'आपल्याकडे टॅलेंट नाही' हे उत्तर तर त्या चित्रांनीच खोडून काढलंय.

तारखा बघा. राजी निन्टेंडो स्विचवर आला १८ ऑगस्ट २०२० ला, पीसी आणि बाकी कन्सोलवर १५ ऑक्टोबरला. बरोब्बर मध्ये, १७ सप्टेंबरला, 'हेडीस' पूर्ण रूपात आला. तोही वरून दिसणारा, तोही देवादिकांचा, तोही छोट्या टीमचा. साहजिकच सगळ्यांनी तुलना केली. पण हेडीस डिसेंबर २०१८ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये होता. जवळजवळ पावणेदोन वर्षं लोक तो विकत घेऊन खेळत होते, तक्रारी करत होते आणि टीम सुधारणा करत होती. शिवाय तो त्या कंपनीचा चौथा गेम.

उलट राजीवाल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा पहिलाच. २०१७ मधली त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली. संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. अशा परिस्थितीत काय चांगलं होतं आणि काय राहून जातं, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चित्र हे कसबाचं काम. हाताशी कसलेला कलाकार असेल तर तो ते खोलीत बसून उत्तम करू शकतो. मारामारी हे घासण्याचं काम. वार केल्यावर राक्षस किती क्षण थबकावा, चुकवायला किती सवड द्यावी, हे कागदावर ठरत नाही. शेकडो अनोळखी लोकांना खेळायला बसवायचं, ते कुठे कंटाळतात ते बघायचं, बदलायचं, पुन्हा बसवायचं. त्याला महिने लागतात आणि प्रत्येक महिन्याला पगार लागतात.

म्हणून राजीतला कच्चेपणा मला बुद्धीचा नाही, फेऱ्यांचा वाटतो. कमी फेऱ्या झालेलं सॉफ्टवेअर असंच दिसतं. डेमोत झकास, तिसऱ्या तासाला उघडं पडतं. आपल्यापैकी किती जणांनी असं काहीतरी रिलीज केलंय, हात वर करा बघू :)

उलटं उदाहरणही त्याच महिन्यातलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये युबीसॉफ्टने 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅंड्स ऑफ टाइम'चा रीमेक जाहीर केला. काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. ट्रेलर बघून लोकांनी ग्राफिक्सची टिंगल केली आणि २०२२ मध्ये प्रोजेक्ट मॉन्ट्रियलला गेला. म्हणजे मोठ्या कंपनीचं नाव पाठीशी असलेला गेम पुण्यात पुरा झाला नाही आणि फ्लॅट विकून केलेला झाला. यावरून सिद्धांत मांडण्याइतका मी शहाणा नाही, पण 'आपल्या लोकांना जमत नाही' म्हणणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात.

आपल्याकडे घरच्या गेमबद्दल बोलायच्या दोनच तऱ्हा आहेत. एक, 'आपला आहे ना, मग नावं ठेवू नका'. दोन, 'इंडियन गेम? राहू दे'. दोन्ही करणाऱ्याच्या काहीच उपयोगाच्या नाहीत. पहिल्याकडून त्याला खरा बग रिपोर्ट मिळत नाही आणि दुसऱ्याकडून पैसे मिळत नाहीत. त्याला हवा असतो तो तिसरा माणूस. विकत घेणारा, शेवटपर्यंत खेळणारा आणि मग 'चौथ्या आखाड्यात कंटाळा आला' असं नेमकं सांगणारा. ज्या फेऱ्या राजीला परवडल्या नाहीत, त्या अशाच माणसांच्या जिवावर होतात.

तेव्हा घ्या. सेल असेल तेव्हा घ्या, हिंदी आवाज लावा, कंट्रोलर असेल तर कंट्रोलरवर खेळा, दोन बैठकीत संपवा. मारामारीत घाई करा, भिंतीवरच्या चित्रांपाशी घाई करू नका. आणि नंतर स्टीमवर चार ओळी लिहा, जे आवडलं ते आणि जे नाही आवडलं तेही.