फरशी आणि मोत्या

सिद्धेश्वर म्हटले की लोकांना पूर्णा नदीवरचे, १९६८ साली पूर्ण झालेले धरण आठवते. मला मात्र हल्ली आमच्या घरातली फरशी आठवते. गेल्या वर्षी घरात चकचकीत टाईल्स बसल्या आणि आमचा म्हातारा कुत्रा मोत्या उंबरठ्याबाहेर गेला. त्याला काढणारी मीच! कॉलेजातल्या मैत्रिणी येतील, त्यांना फरशीवर चिखलाचे पंजे दिसू नयेत, एवढेच माझ्या मनात होते.

पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती. मोत्या ती नखांनी खरोखरच उकरायचा. आजी पुन्हा हात फिरवायची. कोणी रागावत नसे. टाईलवरचा चिखल तर ओल्या फडक्याने निघतो. तरीही राग येतो, कारण ही फरशी आम्ही राहण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त केली!

कोणी म्हणेल, मग मातीचीच जमीन बरी. मला ते पटत नाही. सारवून सारवून आई-आजीच्या कमरा गेल्या. फरशी हवीच. परंतु ती कोणासाठी, हे विसरू नये.

पावसाळ्यात एकदा दार उघडे पाहून मोत्या आत आला. त्याचे मागचे पाय फाकले आणि तो धाडकन पडला. कुत्र्याची नखे मातीत रुततात, गुळगुळीत फरशीवर त्यांना पकड मिळत नाही. मी हाकलू लागले तशी आजी म्हणाली, "काहून हाकलतीस त्याला? माझा तरी पाय कुठं ठरतोय हितं?"

आजी वर्षभर भिंत धरून चालत होती. ते मला दिसलेच नव्हते!

त्याच दिवशी दारापासून आजीच्या बाजेपर्यंत गोणपाट अंथरले. मोत्याची वाढलेली नखे थोडी थोडी कापली. आता दोघेही त्याच वाटेने चालतात.

ज्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचा मानतात, ते संत नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आणि आपण धावतो ते काठी घेऊन! आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकून घर सुधारावे हे खरे. पण सुधारलेल्या घरात जुन्यांचा पाय घसरत असेल, तर ती सुधारणा अर्धीच म्हणावी लागेल.

मैत्रिणी आल्या तेव्हा गोणपाट मी उचलले नाही.