आयती जुळणी

‘फोर्झा होरायझन ५’ हा २०२१ सालचा, मेक्सिकोतल्या रस्त्यांवर घडणारा मोटारींचा व्हिडिओगेम. त्यात गाडीची बारीकसारीक जुळणी, म्हणजे ट्यूनिंग, स्वतः करता येते. दुसऱ्याने केलेली आयती उतरवूनही घेता येते. माझा आक्षेप या आयतेपणाला आहे.

ड्रिफ्टिंग म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवून, गाडी तिरकी राखत वळण पार करणे. त्यासाठी डिफरन्शियल जखडले की मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात आणि पकड एकदम सोडतात. मोकळे ठेवल्यास आतले, भार उतरलेले चाक नुसते गरगरते व घसरण टिकत नाही. हे कळले की हातही शहाणे होतात. मागचा भाग ज्या बाजूला घसरतो त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचे आणि तिरकेपणा अ‍ॅक्सिलरेटरवर तोलायचा. (कंट्रोलरवर हा सारा तोल एका तर्जनीत असतो!) जास्त दाबले तर गिरकी, एकदम सोडले तर गाडी झटक्याने सरळ.

आयती जुळणी गुण मिळवून देईलही. पण गाडी गिरकी घेते तेव्हा दोष डिफरन्शियलचा, टायरमधल्या हवेचा की आपल्या तर्जनीचा, हे कसे कळावे? उतरवून घेतलेल्या जुळणीतले आकडे हा खेळ दाखवतही नाही. आपले विद्यार्थी ज्यांतून रसग्रहण उतरवतात ती गाइडे निदान आपली वाक्ये तरी उघडी ठेवतात. त्यापेक्षा कोरी गाडी घ्यावी, एका वेळी एकच आकडा बदलावा आणि तेच वळण पुन्हा घ्यावे. सुरुवातीला गुण कमीच पडतील.