आधी काटा काढा, मग ठिगळ लावा



गळीत हंगाम संपत आला की शेतकी खात्यात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, लागणीला पंचावन्न टन पडला, खोडवा पस्तिसावर आला. काय मारू?" मी उलट विचारतो, बुडखे जमिनीबरोबर छाटले होते का? पाचट ठेवलं की पेटवलं? पहिला हप्ता कितव्या दिवशी दिला? माती कधी तपासली होती? यावर बरेच जण वैतागतात. एक सभासद तर तोंडावर म्हणाले, "मी औषध विचारायला आलो, तुम्ही कोर्टातल्यासारखी उलटतपासणी घेताय!"

त्यांचा राग मला समजतो. पण ही खोड मला कृषी पदविकेच्या शाळेत लागलेली नाही. ती लागली एका सायकल दुकानात.

१९९४ सालची गोष्ट. मी आठवीतून नववीत गेलो होतो. मे महिन्याच्या सुट्टीत गावात उंडारतो म्हणून वडिलांनी मला बाजारगावच्या एस. टी. स्टँडजवळच्या सायकल दुकानात नेऊन सोडले. दुकानदारांना सगळे चाचा म्हणत. वडील त्यांना एवढेच म्हणाले, "पगार नको, पोराला काम येऊ द्या." तासाच्या भाड्याने सायकली देणे, पंक्चर काढणे, चाकांचा आऊट काढणे, असा चाचांचा व्यवसाय होता.

पहिले पंधरा दिवस चाचांनी माझ्या हाती पान्हा दिलाच नाही. हवा भरायची, दुकान झाडायचे आणि रॉकेलमध्ये छर्रे धुऊन मोजायचे. मागच्या चाकाला एका बाजूला नऊ छर्रे. आठ भरले तरी सायकल त्या दिवशी चालते, पण पुढे कोन खातो. "मोजल्याशिवाय भरायचं नाही," एवढेच ते सांगत.

पुढे पंक्चर काढायला मिळाले. ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडा पाहिला, घासून सोल्युशन लावले, ठिगळ चिकटवले, हवा भरली. मी खुशीत. तासाभरात गिऱ्हाईक सायकल ढकलत परत. चाचांनी टायर उलटा केला आणि माझे बोट धरून आतून हळूहळू फिरवले. बोटाला टोचले. बाभळीचा काटा टायरात तसाच होता. "पोरा, ठिगळ चांगलं लावलंस. पण काटा कुणी काढायचा?"

सभासदहो, खोडव्याचे असेच आहे. उतारा घसरला की आपण युरियाचे पोते ओततो. ते ठिगळ झाले. बुडखे उंच राहिले असतील, पाचट जाळल्याने ओल उडाली असेल, जमीन चोपण झाली असेल, तर तो काटा आत तसाच राहतो आणि पुढच्या साली परत टोचतो. एकरी तीन-चार टन पाचट आपण काडी लावून धुरात घालवतो आणि नंतर सेंद्रिय कर्ब नाही म्हणून हळहळतो.

दुसरी गोष्ट सांगायला आजही लाज वाटते. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजव्यासारखेच फिरवून बसवायला गेलात तर बसत नाही. मला हे सांगितलेले होते, मी विसरलो. जोर लावून बसवले, आटे खाल्ले गेले. ते मला कळलेही, पण मी गप्प बसलो. संध्याकाळी तो दूधवाला लंगडत आला. चढावर पेडल निसटले, गुडघा फुटला, किटलीतले दूध सांडले.

चाचांनी क्रँक पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि दूधवाल्याला म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली." नवा क्रँक स्वतःच्या गल्ल्यातून बसवला, दुधाचे पैसे दिले. मला एक शब्दही बोलले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर जुना क्रँक आणि पेडल पुढे ठेवले, "वीस वेळा काढ आणि बसव." नंतर म्हणाले, "चुकलास त्याचं काही नाही. कळूनही बोलला नाहीस, हे परत नको." मार खाल्ला असता तर मी विसरलो असतो. हे विसरलो नाही.

सायकलच्या दुकानातून काय शिकता येते, असे कुणी म्हणेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासूनच. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथला लोखंडी नांगर आपल्या आजे-पणज्यांच्या शेतात आला. लोखंडाने जमीन बिघडेल म्हणून सुरुवातीला शेतकरी त्या नांगराला बिचकत होते. यंत्र हाताळलेल्या माणसाने शेतकऱ्याची गरज ओळखली, म्हणून ते काम टिकले.

पदविका घेऊन मी एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा दुसरे गुरू भेटले. ते आमच्या गटाचे ओव्हरसियर. पहिल्याच वर्षी मी एका सभासदाची लागणीची तारीख महिनाभर पुढची लिहिली. त्यामुळे त्यांची तोड मागे पडली, उसाला तुरे आले, वजन घटले. ओव्हरसियर मला घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले. म्हणाले, "नोंद माझ्या गटातली, चूक माझी." परत येताना मोटारसायकलवर मला चाचा आठवले. त्यानंतर महिनाभर त्यांनी माझ्याकडून प्रत्येक नोंद बांधावर उभे राहून लिहून घेतली. खोडव्याला पहारीने खत द्यायलाही त्यांनीच शिकवले. बुडख्यापासून चार-सहा बोटे अंतर, वीतभर खोल भोक, पहिला हप्ता तोडणीपासून पंधरा दिवसांत, दुसरा साडेचार महिन्यांनी. पुस्तकात हे चार ओळींत आहे. पण पहार किती तिरपी धरायची, वाफसा कसा ओळखायचा, ते त्यांच्या हाताकडे पाहूनच कळले.

आता माझे म्हणणे मांडतो. आज आपल्या मुलांकडे माहितीचा तोटा नाही. मोबाईलवर ठिबकपासून ड्रोनपर्यंत सगळे दिसते, आणि ते चांगलेच आहे. उणीव आहे ती बोट धरून टायरात फिरवणाऱ्या माणसाची. आपण जाणती माणसेच मागे सरलो आहोत. "पोरगं शिकतंय, त्याला चिखलात कशाला घालू," म्हणतो आणि तेच पोरगे नोकरी न मिळता परत आले की "त्याला काही येत नाही," असेही आपणच म्हणतो.

मी स्वतःही यात दोषी आहे. खात्यात आलेल्या नव्या मुलांच्या हाती नोंदवही देऊन मी त्यांना सरळ गटात पाठवले. चुकले की ऑफिसात बोलावून झापले. चाचांनी मला असे वागवले नव्हते.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक गटात खोडवा चांगला राखणारे दोन-चार सभासद आहेतच. त्यांनी या साली एकेका तरुणाला, सुनेला किंवा मुलीला, आपल्या रानात बुडखे छाटणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत सोबत घ्यावे. एक दिवसाची शिवारफेरी पुरत नाही, सबंध हंगाम लागतो. दुसरी, आमचा मदतनीस चुकला तर जरूर सांगा, पण चार माणसांत पाणउतारा करू नका. घाबरलेला माणूस चूक लपवतो, आणि लपवलेल्या चुकीचे टन तुमच्याच रानातून जातात. तिसरी गोष्ट माझ्याकडे लागली. नवा मदतनीस पहिला हंगाम जुन्याच्या हाताखालीच काढील, आणि त्याच्या नोंदीत चूक निघाली तर तुमच्या बांधावर मी स्वतः येईन.

कुणी म्हणेल, सायकलचे दिवस गेले, तसे शेतीचेही जातील, मग शिकवून उपयोग काय? चाचांचे दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली, हे खरे. मीही आता पंक्चर काढत नाही. पण मोजल्याशिवाय भरायचे नाही आणि काटा शोधल्याशिवाय ठिगळ लावायचे नाही, एवढ्यावर माझी इतकी वर्षांची नोकरी चालली आहे.

तेव्हा खोडव्याचे खत उचलायला याल, त्याआधी माती नमुन्याची पिशवी घेऊन या. आणि येताना घरातल्या पोराला बरोबर आणा. नमुना त्याच्याच हाताने काढलेला असू द्या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी