वाडींतील पाहुणचार आणि त्याचा हिशेब

उन्हाळ्याच्या सुटींत हवा पालटण्यासाठीं डोंगरावर जावें, ही चाल आपल्याकडे तशी फार जुनी नाहीं. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, म्हणजे १८२७ ते १८३० या काळांत, महाबळेश्वर येथें साहेबलोकांची वसाहत झाली. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं माथेरानचा डोंगर पाहिला आणि तेथेंहि बंगले उठले. आतां या चालींत एक नवा प्रकार निघाला आहे. देशोदेशीं डोंगराच्या कुशींतील जुनीं, नामांकित शेतें आणि त्यांवरील पिढीजात घरें श्रीमंती थाटाचीं विश्रामगृहें बनत आहेत. तेथें उतरणारा पाहुणा केवळ मऊ बिछान्याचें भाडें देत नाहीं. जुन्या भिंती, घरचें अन्न आणि शेतावरची पहाट यांचें तो मोल देतो. आपल्या देशांत जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ सालींच हॉटेल झाला. राजेरजवाड्यांनीं जें केलें तें मध्यम स्थितींतील गृहस्थानें आपल्या वडिलोपार्जित घराचें करावें काय, आणि करावयाचें तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न आतां आपल्या कोंकणांतील घराघरांतून निघूं लागला आहे. त्याचा विचार गुहागरच्या उदाहरणानें करूं.

गुहागर वाचकांपैकीं अनेकांस परिचित असेल. ज्यांचें कुलदैवत व्याडेश्वर, त्यांना तर लग्नमुंजीनंतर तेथें जावेंच लागतें. चिपळूणाहून सुमारें ४५ किलोमीटर पश्चिमेस आलें कीं सड्याचा उघडा, तांबूस कातळ संपतो, रस्ता डोंगर उतरूं लागतो, आणि समुद्र दिसण्यापूर्वीं माडांचे शेंडे दिसतात. डोंगर आणि वाळू यांच्यामधील ही चिंचोळी पट्टी म्हणजेच गांव. वरचा पाट आणि खालचा पाट अशी त्याची लांबट वस्ती. रस्त्यास लागून घर, घरामागें विहीर, विहिरीमागें वाडी आणि वाडीमागें पुळण. माडाखालीं पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, सांवलींत जायफळ आणि केळ, कुंपणाशीं रातांबा व फणस, अशी एकाच जमिनींत तीनचार मजल्यांची शेती तेथें कित्येक पिढ्या चालत आली आहे. ऐतिहासिक शेत म्हणून परदेशांत जें मिरविलें जातें तें आपल्याकडे चिऱ्याच्या गडग्याआड निमूटपणें उभें आहे.

मात्र हीं घरें रिकामीं कां पडलीं, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. वाडीचें उत्पन्न मोठ्या कुटुंबास कधींच पुरलें नाहीं. म्हणून घरटीं एकदोन माणसें मुंबईपुण्यास नोकरीस जात आणि मनिऑर्डर धाडीत. पुढें १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. १९४८ च्या कूळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि जे प्रत्यक्ष कसत होते ते जमिनीचे मालक झाले. कसणाऱ्यास जमीन मिळाली हें न्यायाचेंच झालें. पण ज्या घरांचा भात खंडानें येत असे त्यांच्या हातीं घर आणि घरामागची, स्वतः शिंपलेली वाडी एवढेंच उरलें. मुलें शिकलीं तीं परतलीं नाहींत. आज पुष्कळ घरांत एखादें वृद्ध जोडपें किंवा एकटा भाऊ व भावजय राहतात, आणि इतरांचीं नांवें सातबाऱ्यावर राहतात. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली, चिपळूण जवळ आलें, आणि सुटीस येणारीं अनोळखी माणसें दारांत उभीं राहून विचारूं लागलीं, “राहण्याजेवण्याची सोय होईल का?”

आमच्या माहितींतील एका कुटुंबांत हा विषय गणपतींत सगळे जमले असतां निघाला. एक भाऊ म्हणाला, वाडी विकून टाकावी. दुसरा म्हणाला, चार खोल्या बांधून त्यांत थंड हवेचीं यंत्रें बसवावीं. तिसऱ्यास यांत कुलाची अप्रतिष्ठा दिसली. गांवींच राहून घर सांभाळणाऱ्या थोरल्या वहिनींनीं तेवढें एकच विचारलें: “पैसे घेतल्यावर पानावर बसलेल्या माणसाला ‘आणखी वाढूं का?’ असें म्हणावयाचें कीं नाहीं?” कोणाहि भावाजवळ याचें उत्तर नव्हतें. खरा प्रश्न तोच आहे.

प्रथम अप्रतिष्ठेचा मुद्दा घेऊं. अतिथि देव होय, त्याजकडून पैसा कसा घ्यावा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु कुलदैवतास जाणारीं कुटुंबें पूर्वीं कोठें उतरत? तेथील उपाध्यांच्या घरीं. अभिषेक, नैवेद्य, जेवण, निजणें सर्व तेथेंच होई, आणि निघतांना यजमान ऐपतीप्रमाणें दक्षिणा ठेवी. पुण्यामुंबईंत कित्येक निराधार स्त्रियांनीं खाणावळी चालवून मुलें शिकविलीं. त्यांच्या हातचें जेवून मोठे झालेले गृहस्थ त्यांस आदरानेंच आठवीत असत. मोबदला घेतल्यानें पाहुणचार हलका होत नाहीं. पानावर बसलेल्याची भूक ओळखणें थांबलें म्हणजे तो हलका होतो. म्हणून वहिनींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें: ‘आणखी वाढूं का?’ हें अवश्य म्हणावें, आणि तसें म्हणतां येईल इतकेच पाहुणे घ्यावे. दहा पानांपर्यंत तें मनापासून म्हणतां येतें. चाळीस पानांस फक्त वाढपी म्हणतो.

आतां हिशेबाकडे वळूं. पहिला हिशेब पाण्याचा, कारण गुहागरास सर्वांत महाग वस्तु तीच. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रांतांत पाणी महाग, हें ऐकून घाटावरील वाचक हंसतील. पण जांभा दगड सच्छिद्र. उतार तीव्र आणि समुद्र जवळ. पावसाचें पाणी जमिनींत फार काळ ठरत नाहीं, आणि वैशाखांत विहिरी तळ दाखवूं लागतात. माडपोफळींस शिंपण्याची खरी निकड त्याच दिवसांत, आणि सुटीचे पाहुणेहि नेमके त्याच दिवसांत. फळत्या माडास उन्हाळ्यांत दिवसाला सुमारें चाळीसपन्नास लिटर पाणी लागतें. शहरांतील माणसाचा रोजचा वापर १३५ लिटर धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे एका पाहुण्याचें पाणी हें तीन माडांचें पाणी झालें. दहा पाहुणे म्हणजे तीस माड. रहाट होता तोंवर विहिरीस आपोआप मर्यादा होती. बैल दमला कीं उपसा थांबे. विजेचा पंप दमत नाहीं, आणि किनाऱ्याच्या विहिरीचा उपसा बेतापलीकडे गेला तर खारें पाणी आंत शिरूं लागतें. एकदां मचूळ झालेली विहीर पुन्हां गोडी होण्यास फार काळ जातो.

यावर उपाय जुन्याच घरांत आहे. मागील दारच्या न्हाणीचें पाणी आपल्या आज्या वाया घालवीत नसत. तें सरीनें अळवाच्या वाफ्यांत आणि केळींच्या आळ्यांत जाई. पाहुण्यांसाठीं नवीं स्नानगृहें बांधलीं तरी त्यांचें सांडपाणी असेंच वाडींत फिरवावें, आणि संडासाची टाकी मात्र विहिरीपासून लांब व उताराच्या बाजूस ठेवावी. वाळूवट जमिनींत घाण फार लवकर झिरपते. विहिरीवरून वाडीस किती आणि माणसांस किती, हें होळीपूर्वींच ठरवावें आणि त्यावरून खोल्यांची संख्या काढावी. आधीं खोल्या बांधून मग पाणी शोधीत फिरूं नये.

दुसरा हिशेब श्रमांचा. सकाळीं घावन किंवा आंबोळी, दुपारीं साधें जेवण, सोलकढी, एखादे दिवशीं उकडीचे मोदक, हंगामांत फणसाचीं सांदणें, एवढें ऐकून पाहुणा प्रसन्न होतो. पण नारळ खवणें, तांदुळाची उकड मळणें आणि चुलीपुढें उभें राहणें हें वैशाखाच्या उकाड्यांत कोण करतें? बहुधा घरची एकच स्त्री आणि तिच्या हाताखालीं गांवची एखादी बाई. खोल्यांचें उत्पन्न वहीवर लिहितांना ‘घरखर्च’ या सदराखालीं या श्रमांचें नांवहि उरत नाहीं. मुंबईचे भाऊ खोल्यांच्या बांधकामास पैसे देतात म्हणून भागीदार होतात. जिच्या हातच्या चवीसाठीं पाहुणा पुन्हां येतो ती मात्र भागीदार होत नाहीं. हें अन्यायाचें तर आहेच, शिवाय व्यवहारासहि घातक आहे. कारण ती थकली कीं धंदा बसला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गृहिणीचा वाटा प्रथम वेगळा काढावा, तो तिच्या नांवें बँकेंत जावा, आणि उरलेल्या रकमेचे वांटे पडावे. पाडेली, शिंपणारा गडी आणि मदतीची बाई यांची मजुरी हंगामांत वाढवून द्यावी. पाहुणा ज्या वाडीवर खूष होतो ती त्यांच्या हातांनीं उभी असते.

तिसरा हिशेब हक्काचा. एकत्र कुटुंबाच्या घरांत उत्पन्न नव्हतें तोंवर कोणी विचारीत नसे. तें सुरू झालें कीं पंधरा नांवें जागीं होतात. १९५६ चा हिंदु वारसा कायदा २००५ सालीं सुधारला आणि वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क मिळाला. राहत्या घराची वांटणी मागण्यास स्त्रीवारसांस पूर्वीं जी आडकाठी होती तीहि निघाली. तेव्हां ‘बहिणींना काय विचारावयाचें?’ ही भाषा आतां चालणार नाहीं, आणि चालूंहि नये. धंदा सुरू करण्यापूर्वीं सर्व भावाबहिणींच्या संमतीचा कागद करावा. घर चालविणाऱ्यास किती वर्षें तें वापरतां येईल, बांधकामाचा खर्च कोणी केला, उत्सवाच्या दिवसांत घर कुटुंबासाठीं मोकळें राहील कीं नाहीं, हें सारें त्यांत यावें. गोडीनें केलेला कागद नातें तोडीत नाहीं. कागदावांचून केलेला व्यवहार पुष्कळदां तोडतो.

इतर देशांनीं या बाबतींत काय केलें, तेंहि पाहण्याजोगें आहे. इटलींत डोंगराळ भागांतील शेतें ओस पडूं लागलीं तेव्हां शेतावर पाहुणे ठेवण्याच्या प्रथेस १९८५ सालीं स्वतंत्र कायद्याचें रूप देण्यांत आलें. त्याचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल: पाहुणचार शेतीस जोडून असावा आणि शेती हाच मुख्य धंदा राहावा. शेती सोडून नुसत्या खोल्या भाड्यानें देणारा त्या नांवास पात्र नाहीं. महाराष्ट्र सरकारनेंहि २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. कायदा कोणताहि असो, इटलीकरांचें हें सूत्र आपण घरींच पाळावें. बाहेरचा पैसा कसा येतो आणि कसा थांबतो, हें गुहागर तालुक्यानें पाहिलें आहे. अंजनवेलच्या प्रचंड वीजप्रकल्पांतून १९९९ सालीं वीज निघूं लागली आणि २००१ सालीं ती बंद पडली. तो पुन्हां सुरू होण्यास वर्षें लागलीं. २०२० सालीं साथीमुळें प्रवास थांबला, तेव्हां खोल्या रिकाम्या राहिल्या. माडावर नारळ मात्र धरतच होते. त्याच वर्षीं ३ जूनच्या चक्रीवादळानें उत्तरेकडे श्रीवर्धन व दापोलीच्या बाजूस वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. पडलेली खोली चार महिन्यांत उभी राहते. पोफळ लावून फळास येण्यास पांचसात वर्षें लागतात. म्हणून मिळालेल्या भाड्यांतून दरवर्षीं कांहीं रक्कम नव्या रोपांसाठीं बाजूस काढावी. खोल्यांसाठीं माड तोडणें म्हणजे ज्यासाठीं पाहुणा येतो तेंच विकून खाणें होय.

पाहुणे म्हणून जाणाऱ्या आमच्या वाचकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. वाडींत उतरलेला मनुष्य हॉटेलांत उतरलेला नसतो. माजघर आणि देवघर हीं घराचीं आहेत. ओटी, पडवी आणि मांडव हे पाहुण्याचे. यजमानीण दुपारीं घटकाभर आडवी होते तेव्हां चहा मागूं नये. पाणी बादलीनें घ्यावें. मुलांना नारळ कसा सोलतात, पाट कसा वळवितात, सुपारी कशी वाळवितात हें दाखवावें. पहाटे व्याडेश्वराचें दर्शन घ्यावें. मधल्या देवळाभोंवतीं चार कोपऱ्यांस चार लहान देवळें असें तें पंचायतन आहे. एखादे दिवशीं हेदवीच्या दशभुज गणपतीस जाऊन भरतीच्या वेळीं बामणघळीचें उसळतें पाणी पाहावें, वेळणेश्वरास जावें, अंजनवेलचा गोपाळगड चढावा. आणि दरांत घासाघीस करण्यापूर्वीं तीन माडांच्या पाण्याचा हिशेब आठवावा.

सारांश, वाडीचें विश्रामगृह करण्यांत अप्रतिष्ठा मुळींच नाहीं. कुलूप लागलेल्या घरापेक्षां चार परक्यांच्या हंसण्याबोलण्यानें भरलेलें घर केव्हांहि बरें. त्याचीं कौलें वेळेवर फिरविलीं जातात, विहीर उपसली जाते, देवापुढें दिवा लागतो. मात्र पाहुण्यांची संख्या विहिरीनें ठरवावी, दर घरच्या गृहिणीस विचारून ठरवावा, आणि वांटणी सर्व भावंडांनीं एकत्र बसून ठरवावी. ज्या कुटुंबास या तीन गोष्टी जमतील त्यानें पुढच्या मोसमाची वाट न पाहतां खुशाल मांडव घालावा. ज्यास जमणार नाहींत त्यानें निदान यंदाच्या पावसांत वाडींत दहा रोपें लावून ठेवावीं. निर्णय पुढें कोणताहि होवो, तीं उपयोगीं पडतील.