‘प्रेत नाही, तर खून नाही’ : एका सोयीच्या गैरसमजाचा पंचनामा

१/१२
एखादी व्यक्ती बेपत्ता झाल्याची बातमी येते आणि तिच्याखाली कोणीतरी ठामपणे लिहून जातो : ‘मृतदेहच सापडला नाही, म्हणजे खुनाचा खटला उभा राहणार नाही.’ हे विधान कायद्याच्या दृष्टीने चूक, इतिहासाच्या दृष्टीने अर्धवट आणि परिणामांच्या दृष्टीने घातक आहे. या थ्रेडमध्ये त्याचा समाचार घेऊ.

२/१२
गैरसमजाचे एक मूळ ‘कॉर्पस डेलिक्टाय’ या लॅटिन संज्ञेत आहे. ‘कॉर्पस’ म्हणजे शरीर, हे खरे. पण येथे शरीर अभिप्रेत आहे ते गुन्ह्याचे, मृताचे नव्हे. गुन्हा घडला हे सिद्ध करणाऱ्या तथ्यांचा गाभा, इतकाच तिचा अर्थ. चोरीच्या खटल्यातही ‘कॉर्पस डेलिक्टाय’ असते. तेथे कोणाचे कलेवर शोधणार?

३/१२
दुसरे मूळ इंग्लंडमध्ये. १६ ऑगस्ट १६६० रोजी चिपिंग कॅम्पडेन गावचा विल्यम हॅरिसन हा वृद्ध कारभारी वसुलीला गेला, तो परतलाच नाही. रस्त्यात त्याची फाटलेली टोपी व रक्ताळलेली गळपट्टी सापडली. नोकर जॉन पेरी याने आपली आई व भाऊ यांच्यावर खुनाचा आरोप केला. १६६१ मध्ये तिघेही फासावर गेले. १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परत आला!

४/१२
चोर सोडून संन्याशाला सुळी, असे आपण म्हणतो. येथे तर चोरीच झालेली नव्हती. पण या कथेचे तात्पर्य काढताना घाई होते. पेरी कुटुंबाला फासावर नेले ते जॉनच्या जबानीने. प्रेत जेथे टाकले असे त्याने सांगितले, तेथे शोधूनही काही मिळाले नव्हते. स्वतंत्र पुराव्याचा आधार नसलेली, उलट शोधाने खोटी ठरत असलेली जबानी न्यायालयाने प्रमाण मानली. दोष तिथे होता.

५/१२
त्याच शतकातील न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७३६ मध्ये, छापला गेला. ‘प्रेताशिवाय शिक्षा नको’ हा नियम त्यांच्या नावावर खपवला जातो. प्रत्यक्षात त्यांनी दोन पर्याय दिले होते : एक तर कृत्य घडल्याचे सिद्ध व्हावे, किंवा निदान मृतदेह तरी सापडावा. आपल्या सांगीवांगीच्या इतिहासात यातला ‘किंवा’ तेवढा गळून पडला आणि सावधगिरीच्या सल्ल्याचा अभेद्य नियम झाला.

६/१२
या गैरसमजावर विसंबून राहिलेला सर्वांत कुप्रसिद्ध गुन्हेगार म्हणजे जॉन जॉर्ज हेग. १९४९ मध्ये त्याने ऑलिव्ह ड्युरंड-डीकन यांचा खून करून देह सल्फ्युरिक ॲसिडच्या पिंपात विरघळवला आणि पोलिसांनाच विचारले, प्रेताशिवाय खून सिद्ध कसा करणार? वैद्यकतज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांना क्रॉलीच्या त्या अंगणातील गाळात पित्तखडे, हाडांचे अवशेष व कृत्रिम दात मिळाले. ते दात मृत महिलेच्या दंतवैद्याने ओळखले. १० ऑगस्ट १९४९ रोजी हेगला फाशी झाली.

७/१२
‘तेथे निदान अवशेष तरी होते,’ असा आक्षेप येईल. मग वेल्समधील मायकेल ओनुफ्रेइचिकचा खटला पाहा. डिसेंबर १९५३ मध्ये त्याचा शेतीतील भागीदार नाहीसा झाला. त्याचे प्रेत कधीच मिळाले नाही. स्वयंपाकघरातील रक्ताचे सूक्ष्म डाग आणि आरोपीने रचलेल्या खोट्या हकिकती यांवर तो दोषी ठरला. १९५५ मध्ये अपील न्यायालयाने स्पष्ट केले की मृत्यूही परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध होऊ शकतो.

८/१२
आता भारताकडे वळू. १८६० च्या दंड संहितेतील खुनाच्या व्याख्येत मृतदेह सापडण्याची अट नव्हती. आजच्या भारतीय न्याय संहितेतही नाही. ‘रामचंद्र विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या १९५७ च्या निकालात, मृतदेह मिळालेला नसतानाही, सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली. १९८१ मध्ये याच न्यायालयाने हेल यांचे वचन केवळ सावधगिरीचे असल्याचे सांगितले. प्रेताचा हट्ट धरला, तर ते नष्ट करण्याइतका धूर्त खुनीच सुटेल, हे त्यामागचे कारण.

९/१२
आणि धूर्तपणापेक्षा भयंकर गोष्ट म्हणजे सत्ता. पंजाबातील मानवाधिकार कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा यांनी बेपत्ता माणसांचा शोध स्मशानांच्या नोंदवह्यांत घेतला. ‘बेवारस’ म्हणून पोलिसांनी जाळलेल्या देहांच्या नोंदी, सरणाच्या लाकडांचा हिशेब : राख निवली होती, पण कागद उरला होता. पुढे सीबीआयच्या चौकशीत अमृतसर, मजिठा व तरनतारन या पोलीस जिल्ह्यांतील अशा २,०९७ अंत्यसंस्कारांची मोजदाद झाली. त्यांतील १,२३८ मृतांची ओळख पटली नव्हती.

१०/१२
६ सप्टेंबर १९९५ रोजी खालरांनाच अमृतसरमधील त्यांच्या घरासमोरून उचलण्यात आले. त्यांचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. पत्नी परमजित कौर सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि तपास सीबीआयकडे आला. पोलीस दलातच काम केलेल्या एका साक्षीदाराने कोठडीतील छळ, गोळ्यांचे आवाज आणि हरिके येथील कालव्यात टाकलेला देह यांची साक्ष दिली. २००५ मध्ये पोलीस कर्मचारी दोषी ठरले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेच्या शिक्षा कायम केल्या.

११/१२
‘मग उद्या कोणालाही लटकवतील!’ ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पेरी कुटुंब तिची साक्ष देते. म्हणूनच प्रेत नसताना सरकार पक्षाचे ओझे हलके होत नाही, उलट वाढते. माणूस मेला आहे, तो मारला गेला आहे आणि आरोपीनेच मारला आहे, या तिन्ही गोष्टी निःसंशय सिद्ध कराव्या लागतात. सात वर्षे ठावठिकाणा नसल्यास मृत्यू गृहीत धरणारी तरतूद येथे पुरत नाही. कारण तो कधी व कसा आला, हे ती सांगत नाही.

१२/१२
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. ज्यांची हाडेही उरली नाहीत अशा माणसांबद्दल आपण वह्या, पावत्या आणि साक्षी ताडूनच बोलतो. निरपराधाला फासापासून वाचवण्यासाठी दिलेला एक सल्ला, प्रेते गडप करू शकणाऱ्यांची ढाल होऊ नये. यापुढे कोणी ‘प्रेत कुठे आहे?’ असे विचारून चर्चा मिटवू लागला, तर त्याला आठवण करून द्या : प्रेत कुठे आहे, हे बहुधा खुन्यालाच ठाऊक असते. आपण विचारायचे ते एवढेच की पुरावा काय आहे आणि तो कोणी तपासला.